टोपलीखालचा ठसा

देवीला सोडलेला बोकड चोरीला गेलाय, हे सावळाबाईचं म्हणणं गावात एकालाही पटलं नाही. वीस वर्षं पोलिसात झिजलेली ही बाई पोलीस पाटलाच्या जागेला उभी राहिली, तेव्हाही सगळे फिदीफिदी हसले. तिनं चोराचा माग दिसताक्षणी त्यावर टोपली पालथी घातली होती.

चावडीत प्रांतसाहेबांपुढं दुसरे उमेदवार रंगराव टोणपे मिशी पिळत म्हणाले, "हिची लायकी काय?"

"साहेब, टोपलीखाली चोराचं अनवाणी पाऊल आहे. करंगळी तुटकी."

"साफ खोटं! ठसा जोड्याचा आहे!"

"आहेच जोड्याचा. पण टोपली मी कुणापुढंच उचलली नाही, रंगराव. पाऊल उठवतानाच बघितलंत वाटतं?"

साहेबांनी पेन उघडलं.

"चोराचं नाव सांगा, पाटलीणबाई."

"लिहा, रंगराव टोणपे."