जुन्या पत्त्यावरचे दाखले

यंत्रं माणसांसारखी भांडत, त्या काळची गोष्ट. एका शाळेच्या कचेरीत लिनक्सवर चालणारा संगणक होता. दाराशी मुलं दाखल्यासाठी ताटकळली होती आणि प्रिंटर ढिम्म हलत नव्हता. संगणकाने दाखला दहादा पाठवला, स्वतःला दोनदा बंद-चालू केलं. अखेर तो टेबलापलीकडे खेकसला, "अहो, कान फुटले का तुमचे? हाका मारून घसा बसला माझा!"

"मला कुणी हाक मारलीच नाही," तोंडात कोरा कागद धरून प्रिंटर म्हणाला.

सगळ्यांना पत्ते वाटणारा राउटर कोपऱ्यातून खाकरला. "काल वीज जाऊन आली, तेव्हा मी पत्ते बदलले. या प्रिंटरच्या जुन्या पत्त्यावर आता भिंतीवरचा कॅमेरा राहतो."

"म्हणजे दाखले कॅमेऱ्याला," प्रिंटर म्हणाला, "आणि शिव्या तेवढ्या बरोबर माझ्या पत्त्यावर!"