नव्या जाळ्याची गाठ

“दोन बोटांचा आस ठेवला, त्यात माझं काय चुकलं, बाबा?”

बुधाजीने नवं जाळं पडवीत टाकलं आणि त्याच्या एका आसात, म्हणजे भोकात, दोन बोटं घालून दाखवली. तिसरं जात नव्हतं.

हसुराम तांडेलांनी मान वर केली नाही. मांडीवरचं जुनं जाळं ते लाकडी सुईने सांधत होते. दर्यावर जाणं सुटलं होतं, हात मात्र स्वस्थ बसत नव्हते.

त्या बंदरावर एक रिवाज होता. नवं जाळं पाण्यात जाण्याआधी त्याच्या दोराला पहिली गाठ गुरूने मारायची. त्याशिवाय खलाशी होडीत पाय ठेवत नसत. बुधाजी अकरा वर्षं हसुरामांच्या हाताखाली शिकला होता. आता त्याची स्वतःची होडी होती, पण तीन खेपा जवळजवळ रिकाम्याच आल्या होत्या. दोन खलाशी दुसऱ्या होडीवर निघून गेले. उरलेले ‘या खेपेला बघू’ म्हणून थांबले होते.

“माझ्याकडे होतास तेव्हा आस केवढा होता?”

“चार बोटं. पण तेव्हा दर्यात मासा होता, बाबा.”

“हं...”

“आता बारका मासा मी सोडला तर शेजारची होडी उचलते. मग मीच एकटा शहाणा का?”

“तू रे कधी शहाणा होतास?” हसुरामांची बायको, नागूआय, चुलीजवळून म्हणाली. “पहिल्याच दिवशी नांगर टाकलास, आणि दोर बांधायचाच विसरलास!”

हसुरामांचे खांदे हसून हलले. बुधाजीही हसला, कान लाल झाले तरी.

मग त्याने झाकलेली टोपली पुढे सरकवली.

“काल असंच जाळं उसनं नेलं होतं. बघा तरी.”

टोपली पापलेटांनी भरली होती. एकही तळहाताएवढा नव्हता.

हसुरामांनी एक उचलून हातावर ठेवला. बराच वेळ पाहिला.

“नागू, तळ गो. पोर सकाळपासून उपाशी दिसतो.”

नागूआयने ताट वाढलं. दोन घासांत पापलेट संपला.

“कसा लागला?”

“गोड.”

“पोट भरलं?”

“...नाही.”

तिने आणखी वाढले. पुन्हा वाढले. ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग झाला. बुधाजी हळूहळू जेवू लागला, मग थांबला.

“बस झालं, आय.”

“भरलं?”

त्याने काट्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

हसुरामांनी सुई खाली ठेवली. नवं जाळं ओढून घेतलं, दोर हातात घेतला आणि गाठ मारली. ओढून बघितली. पक्की होती.

बुधाजी बघतच राहिला. बाबा नाहीच म्हणणार, असं धरून तो आला होता.

“नेऊ ना मग?”

“ने की. होडी तुझी आहे.”

त्याने खाली वाकून पाय धरले.

“बाबा, सांगा... तुमच्यासाठी काय आणू?”

हसुरामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ताटातल्या काट्यांकडे बोट केलं.

“पुढच्या साली हाच पापलेट आण. मोठा झाला असेल.”