जुनं कार्ड आणि पुडी

शिवणकाम करणाऱ्या हौसाबाई झगडे जुन्या क्रेडिट कार्डाचं सगळं देणं कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर वळवून बँकेत आल्या. "आता हे जुनं कार्ड बंद करा, जवळ असलं की वापरलं जातं," कार्ड टेबलावर ठेवत म्हणाल्या.

मॅनेजर घोरपडे हसले. "अहो बाई, माणसाचा मनावर ताबा हवा! मी नाही महिन्यापूर्वी तंबाखू सोडली? कार्ड वापरू नका, पर्समध्ये नुसतं असू द्या."

हौसाबाईंनी शिपायाकडून तंबाखूची पुडी मागून घेतली आणि साहेबांपुढे ठेवली. "खाऊ नका. खिशात नुसती असू द्या."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "आधी उचला ती!"

साहेबांचा अंगठा रिकाम्या तळहातावर तंबाखू मळत होता.

हौसाबाईंनी पुडी उचलली आणि कार्डाशेजारी आपली शिवणाची कात्री ठेवली.