पाहुण्याचं अत्तर

वेणू नावाच्या एका लहान मुलीच्या श्वासनळीत एक गाव वसलं होतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढं इवलंसं. पण गाव म्हटलं की पाटील आलाच. त्याचं नाव कंठोजी.

गावाचा रस्ता कफाचा, चांगलाच चिकट. वेणूच्या श्वासाबरोबर धूळ यायची, जंतू यायचे आणि त्या रस्त्याला लागून बसायचे. मग भिवराबाई आणि तिच्या सोबतच्या झाडणाऱ्या बाया एका तालात हात मारत आणि केरासकट सगळा रस्ताच वर घशाकडे सरकवत. दिवसरात्र हेच काम. वेणूला त्याचा पत्ताही नसे. कंठोजीला मात्र त्या कामाची लाज वाटे. कोणी आलं की तो बायांना म्हणे, "जरा आडोशाला व्हा."

एकदा एक जंतू पाहुणा म्हणून आला. खांद्यावर रेशमी उपरणं, हातात अत्तरदाणी. तो रस्त्याला चिकटला नाही, थेट बायांपाशीच जाऊन टेकला.

"फार राबता हो तुम्ही. मनगट पुढे करा."

अत्तर यजमानाने पाहुण्याला लावायचं असतं. भिवराबाईला ते खटकलं. "पाटील, ही उलटी रीत कुठली?"

"लावून घे गं. तेवढाच हातांचा वास जाईल," कंठोजी म्हणाला.

पाटलाचा शब्द म्हणून बायांनी मनगटं पुढे केली. ते विष होतं. हात जड झाले, मग लुळे पडले. काही बाया तर जागेवरच कोसळल्या. रस्ता थांबला, केर साचला, त्यात पाहुण्याच्या गोतावळ्याने बिऱ्हाड थाटलं आणि वेणूला श्वास पुरेना.

कंठोजीची पाचावर धारण बसली. त्याने स्वतः झाडू उचलला, पण एकट्याने एवढा रस्ता काय सरकतो? शेवटी त्याने खोकल्याला हाक मारली. हा गावाचा दांडगा राखणदार. तो आला की गाव हादरे, वेणूच्या डोळ्यांत पाणी येई. पण साचलेला ढीग तो धक्के मारमारून वर लोटे. डॉक्टरांच्या औषधाने पाहुणा गेला, तरी बायांचे हात लगेच हलू लागले नाहीत. तोवर कित्येक आठवडे खोकल्यानेच गाव तगवलं. वेणूची आई त्याच्यावर वैतागायची. कंठोजी मात्र त्याचे उपकार मानायचा.

हळूहळू हातांत बळ आलं, कोसळलेल्यांच्या जागी नव्या बाया उभ्या राहिल्या. रस्ता पुन्हा सरकू लागला. वेणूने छाती भरून श्वास घेतला आणि ती अंगणात पळाली. कंठोजीला भरून आलं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याने हात जोडले.

"बायांनो, तुमच्यामुळे या गावात वारा खेळतो. आणि मी तुम्हालाच लपवत होतो. माझं चुकलं."

भिवराबाई हसली. "पाटील, हात खुशाल जोडा. पण बाजूला होऊन जोडा, केर अडलाय."

तात्पर्य: ज्यांच्या कष्टांवर आपला श्वास सुखाने चालतो, त्यांचे उपकार त्यांचे हात थांबण्याआधीच मानावेत.