घोळ आणि घण

सिंधखाडीच्या राजाला ताटात हवी होती घोळ, आणि होऊन बसला भलताच घोळ! एरवी माणसाच्या कमरेला लागेल एवढी ती मासळी. पण दोन महिने जाळ्यात येत होत्या त्या नुसत्या हाडांच्या काड्या. निम्म्या तर खाडीच सोडून पळालेल्या. कारण कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. महाराजांनी खाडीत धक्का बांधायला काढला होता, आणि दिवसभर पाण्यात घणाने सागाचे खांब ठोकणं चाललं होतं.

राजाला वाटलं, कोळी आळसावले. त्याने फर्मान काढलं, की आठ दिवसांत याच खाडीतली गलेलठ्ठ घोळ आणा, नाहीतर खाडी सोडा. तोवर घणही थांबायचा नाही!

हे फर्मान स्वतःची होडी हाकणाऱ्या हारकू कोळणीच्याही कानावर आलं. खाडी गेली तर चाळीस घरांनी जायचं कुठे? रडून भागणार नव्हतं. सातव्या दिवशी तिने वाड्यावर निरोप धाडला, की घोळीचा ठाव लागेल, पण महाराजांनी माझ्या होडीत जेवायला यावं.

जेवण म्हटल्यावर राजा आला. हारकूने होडी धक्क्याजवळ नेली, पुढ्यात कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, आणि सांगितलं, की घोळ पाण्यात घुमते. आम्ही वल्हं पाण्यात सोडतो, दांड्याला कान लावतो आणि तिचा आवाज ऐकून जाळं टाकतो. महाराजांनीही तसंच ऐकत जेवावं.

राजाला गंमत वाटली. त्याने दांड्याला कान लावला आणि घास तोंडात घातला.

धाड्! घास घशात अडकला. धाड्! दाढा झणझणल्या. तिसऱ्या घावाला भाकरी ताटात पडली.

"अरे, बंद करा तो घण!" राजा ओरडला.

घण थांबला. राजा रागाने लाल झाला होता. तरी हारकू बोलली.

"तीन घावांत तुमचं जेवण सुटलं, महाराज. घोळ दोन महिने अशीच भरल्या पानावरून उठतेय. तिच्या अंगाला मांस लागायचं कसं?"

 धक्क्यावर उभ्या दिवाणांकडे वळून राजाने विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? दिवाणांनी झटकन कानांवर हात ठेवले.

हारकूला राहवेना. "दिवाणसाहेबांचं बरं आहे," ती म्हणाली. "घोळीला कानांवर ठेवायला हातच नाहीत, महाराज!"

राजाने वर पाहिलं. दिवाणांचे हात अजून कानांवरच होते! राजा असा खदखदून हसला, की होडी हलून कालवण धोतरावर सांडलं.

त्याच दिवशी हुकूम सुटला. खांब ठोकायचे ते ओहोटीला, पाणी हटल्यावर. खाडी कायमची कोळीवाड्याची. हारकूला नवी कोरी होडी. आणि घोळ पुन्हा घुमेपर्यंत रोज वल्ह्याला कान लावून बसायचं काम मिळालं दिवाणसाहेबांना, दोन्ही हात दांड्यावर ठेवून!