सरळ रेघेचा मुंगळा

माळावरच्या बाभळीखाली वारूळ नवं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कोणती भिंत कशासाठी बांधली हे पुढच्यांना कळावं, म्हणून बांधणारीनं भिंतीपासून कारणापर्यंत वासाची रेघ ओढायची, असा तिथला नियम होता. रेघा तपासायला दारावर भिकोबा मुंगळा बसे.

ठकी मुंगीची रेघ त्यानं नाकारली. "वाकडी आहे."

"मुळाला वळसा घालून झऱ्यापर्यंत जाते, काका. ते पाणी अडवायलाच भिंत घातलीय."

"झऱ्याचं राहू दे. रेघ सरळ हवी."

ठकीनं मग भिंतीपासून थेट दारापर्यंत सरळ रेघ ओढली. भिकोबा खूश झाला. हळूहळू सगळ्याच जणी तसं करू लागल्या.

पुढे कोठार वाढवायचं ठरलं. ठकी दाणे आणायला दूर गेली होती. वाटेत येणारी तिची भिंत पाडावी का, हे बघायला भिकोबा ऐटीत रेघेवरून निघाला, तो दारात स्वतःच्याच जागेवर येऊन थांबला.

"कारण काही दिसत नाही," तो म्हणाला. "पाडा."

कोठारात पाणी शिरलं. अंडी सावरत सगळे बाहेर पळाले. वाटेत ठकी भेटली.

"अगं, तिथं झरा आहे हे सांगायचं नाहीस?" भिकोबा ओरडला.

"सांगितलं होतं, काका," ठकी म्हणाली. "तुम्ही रेघ बघत होता."