राणीची तीन चिमटी बियाणं

एका राज्यात हिवाळा सहा-सहा महिने मुक्काम ठोकून बसे. तिथल्या शार्ङ्गधर राजाला शेतीतलं ओ की ठो कळत नसे. त्याची राणी मृणालवती मात्र दर थंडीत महालातल्या उबेला वांग्याची रोपं वाढवी आणि पाडव्याला घरोघर वाटी. राजा तिला हसे.

एकदा शीतकेतू नावाच्या मांत्रिकाने तिच्याकडे बियाण्याची पेटी मागितली. तिने दिली नाही. त्याने फुंकर घातली आणि राणी उभ्या जागी मातीची झाली.

"राजा," तो म्हणाला, "पाडव्याला तुझ्या हातची रोपं उघड्या अंगणात ताठ उभी राहिली, तर ही उठेल. नाहीतर त्याच सांजेला हिचा भुगा होईल."

पेटीत तीनच चिमटी बियाणं होतं. सल्ला द्यायला होती राणीची बोलकी साळुंकी.

"काय करू?" राजाने विचारलं.

"पेरा. झाका. उबेला ठेवा."

राजाने सोन्याच्या परातीत माती भरून पहिली चिमूट पेरली, वर रेशमी शेला पांघरला, आणि राजाच्या घरचे पाहुणे म्हणून दिवसातून सात वेळा गुलाबपाणी शिंपडलं. आठव्या दिवशी बी कुजलं.

"पाहुणचारात काय कमी पडलं?"

"कमी नाही महाराज, जास्त झालं. परातीला भोकं पाडा. माती सुकली तरच पाणी द्या."

सोन्याच्या परातीला भोकं! राजाचं डोकं गरगरलं, पण त्याने ती पाडली. दुसरी चिमूट उगवली. राजाला इतकी माया आली, की त्याने शेला काढलाच नाही. कोंब पांढुरके, लांबच लांब झाले आणि एका दुपारी सगळे आडवे पडले.

"झाका असं तूच म्हणालीस ना!"

"उगवेपर्यंत. उगवल्यावर उन्हात."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आपण विचारलं नाही, महाराज."

राजा राणीच्या मातीच्या पायांशी बसून ढसाढसा रडला. "मृणाले, हे तू दरवर्षी करायचीस आणि मी हसायचो!"

तिसरी चिमूट त्याने खिडकीतल्या उन्हात वाढवली. रोपांना चार-चार पानं फुटली, देठ जाड झाले. तेव्हा साळुंकी म्हणाली, "आता बाहेर काढा. वाऱ्यात."

राजा पुरता गोंधळला. "इतकं जपलं ते थंडीत लोटायला?"

"आज घटकाभर. उद्या दोन घटका. वारा न सोसलेलं रोप अंगणात तगत नाही."

त्याला पटलं नाही. पण रोज तो परात घेऊन बाहेर बसू लागला. रोपं उघडी आणि आपण शाल घ्यायची, हे त्याला बरं दिसेना, म्हणून तोही कुडकुडत बसे.

पाडव्याला रोपं अंगणात लागली. शीतकेतू आला. त्याने गाल फुगवून फुंकर घातली. रोपं वाकली, भुईला टेकली, आणि पुन्हा उभी राहिली. मांत्रिक तिथल्या तिथे धुकं होऊन विरला.

महालातून राणी चालत आली. केसांतली माती झटकत तिने रोपांकडे पाहिलं.

"महाराज, एकेका खड्ड्यात पाच-पाच?"

"कोणतं उपटायचं, तेच कळेना," राजा म्हणाला. "जीवच होईना."

"उपटायचं कशाला? सुटी करून वाटायची."

तोवर सारी प्रजा वेशीपासून महालापर्यंत रांग लावून उभी होती. राजा मुकाट्याने रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभा राहिला. आपली पाळी आल्यावर त्याने राणीपुढे ओंजळ धरली.

"मलाही एक द्या," तो म्हणाला.